नाईट नेहमी ब्रदरलाच का?

पत्र

मी एका जिल्हा रुग्णालयात मेडिकल वॉर्डची परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर आहे. सर्व्हिस 24 वर्षं झाली. वॉर्ड 40 खाटांचा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पावसाळ्यात रात्री बाराच्या सेन्ससला, म्हणजे पेशंटच्या मोजणीला, 58 पेशंट असतात, खाटा संपल्या की खाली गाद्या टाकतो. कागदावर माझ्याकडे 9 जण आहेत. त्यातली एक ओपीडीत कायमची अडकली आहे, एक बाळंतपणाच्या रजेवर. उरले सात, पाच सिस्टर आणि दोन ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक. नाईटला एकच जण असतो.

गेल्या वर्षी एका पेशंटच्या दारू प्यायलेल्या नातेवाइकानं नाईटच्या सिस्टरचा हात धरला. तेव्हापासून एकटीनं नाईट करायला कुणी तयार नाही, म्हणून मी दोघा ब्रदरना आलटून पालटून नाईट लावते. बायकांच्या बाजूला कॅथेटर (लघवीची नळी) टाकायची वेळ आली की ते शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलावतात. गेल्या आठवड्यात एका ब्रदरनं लेखी अर्ज दिला आणि प्रत परस्पर अधिसेविकांना (मेट्रनना) दिली. "केवळ पुरुष असल्याने मला सतत रात्रपाळी दिली जाते," असं लिहिलंय. सिस्टर म्हणतात, त्याला घरी काय काम असतं, बायको आहे की! मी मध्ये भरडली जातेय. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, रात्री अकराला ड्युटी बदलून द्या म्हणून फोन येतात. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यावी असं वाटतं. खरं सांगा, मी अन्याय करतेय का?

— एक परिसेविका, मराठवाडा

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, त्या दोघांवर अन्याय होतोय. तुमच्या मनात खोट नाही हे पत्रातून कळतं, पण ड्युटी लिस्ट मन बघून चालत नाही. सात जणांत नाईट सारखी वाटली तर वर्षाला प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ आठवडे येतात. तुमचे दोन ब्रदर 26-26 करताहेत, पाच सिस्टर शून्य. हा आकडा त्यानं अर्जात लिहिला नसेल, पण अधिसेविकांच्या टेबलावर तो कुणीतरी मांडणारच. तुम्हीच आधी मांडलेला बरा.

आता ज्या गोष्टीवर मी पत्र वाचताना अडले ती सांगते. हात धरल्याचा प्रकार झाला, आणि पुढचंच वाक्य ड्युटी लिस्टचं आहे. मधलं काहीच नाही. त्या माणसाविरुद्ध तक्रार झाली का? कॅज्युअल्टीत पोलीस चौकी असेल, तिथे नोंद झाली का? आरएमओंनी (निवासी वैद्यकीय अधिकारी) किंवा सिव्हिल सर्जननी, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांनी, काही लिहून दिलं का? बहुधा "जाऊ द्या सिस्टर, दारूडा होता" एवढ्यावर मिटलं असणार. सगळीकडे तसंच मिटतं. मग त्या प्रकाराचं उत्तर देण्याचं काम रुग्णालयानं तुमच्यावर ढकललं, तुम्ही ते दोन ब्रदरवर ढकललं. हात धरणारा सुटला आणि त्याची शिक्षा दोन अधिपरिचारक वर्षभर रात्रीची भोगताहेत.

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात डॉक्टरांबरोबर नोंदणीकृत परिचारिका आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे. हात धरणं हा विनयभंगही ठरू शकतो, तो वेगळा. शिवाय 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपण फक्त सहकाऱ्यांपुरता समजतो. त्यात मालकाच्या कर्तव्यांमध्ये स्पष्ट म्हटलंय की कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण दिलं पाहिजे. इथे मालक म्हणजे तुमचं रुग्णालय प्रशासन. याच कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. उद्या वॉर्डात जाताना बघा, लावली आहेत का. नसतील तर तिथूनच सुरुवात करा. समितीकडे तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते, समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. गेल्या वर्षीचा प्रकार त्या मुदतीत बसणार नाही कदाचित, पण पुढच्या वेळी "कुठे जायचं" हे प्रत्येक सिस्टरला पाठ असलं पाहिजे.

सिस्टरची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. परळच्या केईएम रुग्णालयात 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 ला त्यांचं निधन होईपर्यंत केईएमच्या सिस्टरनीच त्यांना सांभाळलं. नर्सिंगमध्ये आलेल्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट माहीत असते. ती सांगताना एक तपशील मात्र बरेचदा गळतो, हल्ला करणारा बाहेरचा नव्हता, त्याच रुग्णालयातला सफाई कामगार होता. म्हणजे वॉर्डात एक पुरुष ड्युटीवर ठेवला की बायका सुरक्षित झाल्या, हे गणितच चुकीचं आहे. आणि त्या पुरुषाचं काय? दारूडा नातेवाईक आला की ब्रदरला पुढे करायचं, मग मार तोच खाणार. त्याची भरती पेशंटला औषध द्यायला झाली आहे, बाउन्सर म्हणून नाही.

पेशंटच्या बाजूनं बघितलं तर ही व्यवस्था आणखी वाईट दिसते. निम्मा वॉर्ड बायकांचा, आणि रात्री आठ ते सकाळी आठ तिथे एकही बाई नाही. कॅथेटर, ईसीजी, बेडपॅन, अंगावरचे कपडे बदलणं, कितीतरी गोष्टी त्या बायका सकाळपर्यंत बोलतच नसतील. पोट फुगलेलं सोसतील, पण ब्रदरला सांगणार नाहीत. आणि शेजारची सिस्टर मदतीला आली की तेवढा वेळ तिचा वॉर्ड उघडा. एखाद्या रात्री त्या दहा मिनिटांत तिकडे कुणाचा श्वास थांबला, तर चौकशीत पहिलं नाव तिचं येईल, दुसरं तुमचं.

मग करायचं काय? एकट्या तुमच्या वॉर्डात हे सुटणार नाही, कारण सात जणांत रोज दोघांची नाईट बसवली तर दिवसा वॉर्ड कोसळेल. शेजारचा वॉर्ड सोबत घ्या. तिकडे आठ जण आहेत असं धरू. दोन्ही वॉर्डांचे मिळून पंधरा. रात्री दोन वॉर्डांत तिघं, एक इकडे, एक तिकडे आणि तिसरी व्यक्ती गरजेप्रमाणे दोन्हीकडे. प्रत्येकाच्या वाट्याला पाच आठवड्यांतून एक आठवडा नाईट येते, वर्षाला दहा-अकरा आठवडे. तिघांत निदान एक सिस्टर असलीच पाहिजे, बायकांच्या बाजूसाठी. ब्रदर असलाच पाहिजे असा नियम मात्र करू नका. कधी तीन सिस्टर असतील, असू द्या. एकटी कुणी नाही, हे महत्त्वाचं. नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी पोस्टिंगला असतील तर त्यांना या तिघांत मोजायचं नाही. ती सवय सगळीकडे लागली आहे आणि ती घातक आहे.

यात दिवसाचा एक हात कमी होईल. तो कुठून काढायचा तेही सांगते. तुमच्या मॉर्निंगच्या सिस्टर इंडेंट (औषधं-सामानाची मागणी), चादरी-कपडे मोजणं, ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीवरच्या नोंदी, केसपेपरच्या झेरॉक्स, रिपोर्ट आणायला लॅबपर्यंतच्या फेऱ्या यात किती वेळ घालवतात ते एक आठवडा वहीत लिहा. फार काही नको, कोण, काय, किती मिनिटं. हे काम फार्मासिस्टचं, लिपिकाचं, कक्षसेवकाचं आहे. हातात मिनिटं असली की बोलता येतं. नुसतं "आमच्यावर कामाचा ताण आहे" म्हटलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि फाइल बाजूला सरकवतो.

पदांचंही तसंच. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयाला तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांना पाच खाटांमागे एक परिचारिका धरली आहे, वर रजेसाठी 30 टक्के राखीव. तुमच्या 40 खाटांना हा हिशेब लावला तर आठ अधिक दोन-तीन, म्हणजे दहा-अकरा येतात. तुमच्याकडे कागदावर 9 आहेत, म्हणून मंत्रालयात बसलेल्याला तुमचा वॉर्ड जवळजवळ भरलेला दिसतो! खाटा मोजल्या जातात, गाद्या मोजल्या जात नाहीत. सेन्ससच्या 58 ला तोच हिशेब लावा, पंधरा-सोळा येतात. प्रत्यक्षात सात. तुमच्या वॉर्डात सिस्टर विरुद्ध ब्रदर असं जे भांडण दिसतंय, ते या पंधरा आणि सातमधल्या फरकाचं आहे. रोज रात्री बाराला तुमचाच स्टाफ तो आकडा लिहितो. तीन महिन्यांच्या सेन्ससची नक्कल काढा, खाली ओपीडीत अडकलेल्या सिस्टरची प्रतिनियुक्ती रद्द करण्याची मागणी लिहा आणि अधिसेविकांमार्फत सिव्हिल सर्जनकडे द्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. त्याच अर्जात रात्रीच्या सुरक्षेचंही लिहा. पेशंटमागे एकच नातेवाईक आणि त्याला पास, वॉर्डाच्या दारावर रात्रभर रक्षक, जिन्यातला दिवा, ड्युटी रूमला आतून कडी, स्टाफचं टॉयलेट त्याच मजल्यावर. शेवटच्या दोन गोष्टींना खर्च किती येतो? पण त्या न मागितल्यानं वर्षानुवर्षं होत नाहीत.

आता त्या ब्रदरविषयी. त्यानं प्रत परस्पर वर दिली याचा तुम्हाला राग आला आहे, शब्दांतून कळतोय. मला विचाराल तर त्यानं शहाणपणा केला. तोंडी दोनदा तरी बोलला असेल, तुम्ही "बघते" म्हणाला असाल. त्याला केबिनमध्ये बोलावून जाब विचारू नका, अर्ज मागे घे असं तर चुकूनही म्हणू नका. त्याच्या अर्जावर तुमचा अभिप्राय लिहा की तक्रारीत तथ्य आहे आणि पुढच्या महिन्यापासून नाईट सगळ्यांत वाटली जाईल. एवढ्या एका ओळीनं तुमची बाजूही सांभाळली जाते.

"त्याला घरी काय काम असतं" हे वाक्य मात्र वॉर्डात पुन्हा ऐकू आलं तर तिथल्या तिथे थांबवा. त्याच्या घरी आजारी वडील आहेत की लहान मूल, बायको नोकरी करते की नाही, हे विचारलंय कुणी? आणि विचारायची गरजही नाही. कायम नाईटवर राहणारा माणूस सकाळचा राउंड बघत नाही, डॉक्टरांसमोर केस मांडत नाही, विद्यार्थ्यांना शिकवत नाही. पाच वर्षांनी परिसेविकेच्या जबाबदारीची वेळ आली की त्याला इन्चार्जचं काम येत नाही म्हणून नाव ठेवणार आपणच. मृतदेह गुंडाळायला ब्रदर, जड पेशंट उचलायला ब्रदर, रात्री रेफर केलेल्या पेशंटसोबत ॲम्ब्युलन्समधून मेडिकल कॉलेजला जायला ब्रदर, हेही तुमच्याकडे चालत असणार. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी इतकी वर्षं अशाच वॉर्डांत काढली आहेत. उचलायला दोघं लागतात, ते कुणीही दोघं असोत. ॲम्ब्युलन्सची पाळी लिस्टवर लिहा.

बाहेर त्याला काय ऐकावं लागतं याचीही कल्पना असू द्या. मुलगा नर्स आहे म्हटलं की स्थळाकडचे लोक गप्प होतात, गावाकडे तो "सरकारी दवाखान्यात आहे" एवढंच सांगतो. भरतीतही दार अर्धंच उघडं. नागपूरच्या धरून सगळ्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या जागांत 80 टक्के महिला आणि 20 टक्के पुरुष असं प्रमाण ठरवलेलं आहे. कारणं असतील, बायकांच्या वॉर्डांचा विचार मलाही पटतो, पण बारावीनंतर चार वर्षं बीएस्सी नर्सिंग केलेल्या पोराला ते कसं लागत असेल? आणि 2013 च्या कायद्याखाली तक्रार फक्त महिलेलाच करता येते. ब्रदरची सहकाऱ्यांनी टिंगल केली तर त्याच्यासाठी ती समिती नाही. त्याच्यासाठी तुम्ही आहात.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर सिस्टर मला पत्र पाठवतील. जगभरात परिचारिकांमध्ये सुमारे 85 टक्के बायका आहेत. आरोग्यसेवेतल्या एकूण मनुष्यबळात बायका 70 टक्के, पण वरच्या पदांवर जेमतेम चतुर्थांश, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मांडलं होतं. म्हणजे संख्येनं कमी असलेला पुरुष या क्षेत्रात सगळीकडेच दुबळा असतो असं नाही. जिल्हा बैठकीत टेबलाच्या वरच्या टोकाला कोण बसतं आणि इन्क्रिमेंटसाठी कोण उभं राहतं हे तुमच्या सिस्टर रोज बघतात. घरी गेल्यावर डबा, मुलांचा अभ्यास, सासूची गोळी त्यांचीच असते. नाईटवरून आलेली बाई क्वचितच झोपते. हा राग खरा आहे. फक्त तो चुकीच्या माणसावर निघतोय.

म्हणून सवलत द्या, पण गरज बघून द्या. गरोदर सिस्टर, वर्षाच्या आतलं मूल असलेली सिस्टर यांना नाईट नको, हे सगळे मान्य करतील. त्याच यादीत "घरात गंभीर आजारी माणूस" हे कारणही टाका आणि ते ब्रदरलाही लागू करा. बाकीच्यांसाठी रिक्वेस्ट वही ठेवा, महिन्याला प्रत्येकाच्या दोन मागण्या, कारण न विचारता. तिसरी मागणी आली तर बदली करणारा माणूस त्यानं स्वतः शोधायचा आणि दोघांनी सही करायची. ही लिस्ट लावली की सिस्टर रागावतील, कारण त्यांच्या नाईट शून्यावरून दहावर जाणार आहेत. एक-दोघी बोलणं बंद करतील. पहिले दोन महिने हे सोसायचं आहे, हे मनाशी धरून चला.

आता तुम्ही. रात्री अकराचे फोन बंद. लिस्ट 25 तारखेला लागते, बदल लेखी, आणि नऊनंतर फोन फक्त कुणी ड्युटीवर येऊच शकत नसेल तर. तोही आधी नाईट सुपरवायझरला, तुम्हाला नाही. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्युटीची देवाणघेवाण चालत असेल तर ती तिथून काढा. बीपीसाठी तुमच्याच रुग्णालयात ओपीडी पेपर काढून रीतसर दाखवा. नर्सिंग स्टेशनवर उभ्या उभ्या हाउसमनला (शिकाऊ डॉक्टरला) विचारून गोळी चालू केली असेल, तर ते उपचार नव्हेत. झोप आठवड्यातून बऱ्याच रात्री उडत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर बोला, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालू असतं, पैसे लागत नाहीत. तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांना तो नंबर देत असालच.

व्हीआरएसचा निर्णय या महिन्यात नको. 20 वर्षं अर्हताकारी (पेन्शनला धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते, म्हणजे तो दरवाजा पुढच्या वर्षीही उघडाच आहे. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी सेवेत लागल्या असाल तर जुनी पेन्शन आहे, पण सेवापुस्तकात बिनपगारी रजा, सेवाखंड, आधीची बंधपत्रित (बाँडवरची) सेवा यांच्या नोंदी कशा आहेत ते आस्थापना शाखेत बसून एकदा बघा. अनेकींना हे शेवटच्या वर्षी कळतं. कागद हातात आल्यावर ठरवा, झोप नसलेल्या रात्री ठरवू नका.

आणि एक. नवी लिस्ट तयार झाली की ती आधी त्या ब्रदरला खाजगीत दाखवू नका, जवळच्या सिस्टरलाही नाही. शेजारच्या वॉर्डाच्या इन्चार्जला बरोबर घ्या, दुपारच्या हॅन्डओव्हरला दोन्ही पाळ्यांचा स्टाफ असताना वाचा, 26 आणि शून्याचा आकडाही तेव्हाच सांगा. आणि त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नाईटला तुम्ही स्वतः एक फेरी मारा, कडी, दिवा, रक्षक यातलं काय काय झालं ते बघायला. जे झालं नसेल त्याचं स्मरणपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी द्या, जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ टाकून.